द्राक्ष उपवासाला चालतं

सरकारमान्य देशी दारूच्या दुकानाच्या पायरीवर मी बसले होते आणि मला उठता येत नव्हतं. लुगड्यावर छातीपासून कमरेपर्यंत लाल डाग पडले होते. समोर आमच्या महिला मंडळाच्या पंधरावीस बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याचा फलक आणि फलकावर आडवी बाटली काढलेली. हे दुकान बंद करा म्हणून त्या दिवशी गावातून फेरी निघायची होती, आणि फेरीच्या पुढं मी चालायचं असं ठरलं होतं. बायका माझीच वाट बघत होत्या.

दुकानदार दारात आला. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, वाकून वास घेतला आणि आत तोंड करून ओरडला, "पानी आना रं कुनीतरी, आक्का आपल्याकडं आल्यात!"

मतदान पुढच्या रविवारी होतं. हा सोमवार.

आमचं गाव न्हावऱ्याच्या पलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. गावाला शाळा आहे, डेअरी आहे, आणि तेव्हा ते दुकान होतं. मी त्या दुकानाच्या मागं लागले ती काही समाजसेवा म्हणून नाही. माझा धाकटा मुलगा रोज सकाळी नऊला तिथं जाऊन बसायचा. दौंडला रेल्वेत कामाला असलेली माणसं कधीमधी दांडी मारतात, पण ह्यानं कधी मारली नाही. शिरूरच्या डॉक्टरनं त्याचं पोट दाबून पाहिलं आणि त्याच्यासमोरच मला सांगितलं, "असंच चाललं तर दोन वर्षं, जास्त नाही." घरी येताना एसटीत मुलगा म्हणाला, "डॉक्टर लई फाडफाड बोलतो गं." आणि दुसऱ्या दिवशी नऊला गेला.

तेव्हा मी अर्ज केला. कायदा असा होता, की गावातल्या बायकांनी मतदान करायचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीत जेवढ्या बायका आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. यादीतल्या सगळ्या धरायच्या, नुसत्या मतदानाला आलेल्या नाहीत. म्हणजे जी बाई घरी बसेल तिचं मत आपोआप दुकानाला. दुकानदाराला कोणाचं मन वळवायची गरज नव्हती. बायका घरातून निघाल्या नाहीत की त्याचं काम झालं. आणि बायकांना घरी बसवायला आमच्यावर हसणं पुरेसं होतं.

आता मी त्याच आठवड्यात वाईनच्या कारखान्यात कशाला गेले, ते सांगते.

आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. जमीन माझ्या नावावर आहे, कारण ती माझ्या बापानं मेंढरं विकून घेतली आणि जावयावर त्याचा विश्वास नव्हता. आमच्या बांधाला लागून आप्पांची जमीन. आप्पा साखर कारखान्याचे संचालक, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, सगळीकडं ओळख. ते एक दिवस आले आणि म्हणाले, "खायच्या द्राक्षांचं काय खरं न्हाई आता. वाईनची लावा. कंपनी दहा वर्षांचा करार करतीया, भाव आधीच ठरलेला. सोमवारी जीप घिऊन जाऊ. सातबारा तुमच्या नावावर हाय, तवा तुम्हालाच यावं लागंल."

एकीकडं बाटली आडवी करायची आणि दुसरीकडं वाईनची द्राक्षं लावायची, हे कसं, असं कोणी विचारील. तेव्हा मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. भाव ठरलेला होता, एवढं मी ऐकलं.

सकाळी सहाला निघालो. आप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी, मी आणि आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा, मागं. माझा सोमवार होता. भगर करायला वेळ मिळाला नाही, म्हणून नुसत्या चहावर बाहेर पडले. साडेनऊला पोचलो. नाशिक रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला, चकचकीत फरशी लावलेला कारखाना. पँट घातलेली एक पोरगी पुढं आली. पुण्याची असावी. तिनं हात जोडून नमस्कार केला, म्हाताऱ्याला बाबा म्हणाली, मला मावशी म्हणाली. पोरगी चांगली होती.

तिनं आम्हाला सगळं दाखवलं. स्टीलच्या टाक्या डेअरीत असतात तशाच, पण त्याच्या चौपट उंच. वास गाईपुढं ठेवतात त्या भिजवलेल्या आंबोणाचा. मग एका थंडगार खोलीत नेलं. तिथं लाकडी पिंपांच्या रांगा लावलेल्या.

"हे लाकूड फ्रान्सवरून येतं," पोरगी म्हणाली.

आप्पांनी पिंपावर बोटानं टकटक केली. "आपली बाभळ न्हाई का चालत?"

"नाही हो."

"का? बैलगाडीला चालती की."

पोरीनं आम्हाला त्या खोलीतून बाहेर काढलं. पुढं एका टेबलाशी नेलं. पांढरं कापड, त्यावर उंच दांड्याचे काचेचे पेले, एका ताटलीत खारी बिस्किटं आणि पनीरसारखे पिवळे तुकडे, आणि कडेला एक स्टीलची बादली.

"आमच्या साहेबांची एक पद्धत आहे," ती म्हणाली. "करार करायच्या आधी शेतकऱ्यानं चव घ्यायची. आपल्या द्राक्षाचं काय होतं ते त्याला कळायला पाहिजे. त्यानंतरच मी फॉर्म देते."

म्हाताऱ्यानं गळ्यातली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. त्याचा प्रश्न मिटला. पोरीनं माझ्याकडं बघितलं.

"माझा सोमवार हाय," मी म्हणाले.

"मग बिस्कीट तरी?"

"बिस्कीट अजिबात चालत न्हाई. ह्यात काय काय घालता?" मी बाटलीकडं बोट केलं.

"द्राक्षं. फक्त द्राक्षं."

"मीठ?"

"नाही."

"साखर?"

"नाही."

"पानी तरी आसंल."

"एक थेंबसुद्धा नाही, मावशी. पाणी घातलेलं आमच्यात चालतच नाही."

आप्पा खूश झाले. "म्हंजी उपासाला चालतंय की! द्राक्ष फळात येतं."

मी म्हाताऱ्याकडं पाहिलं. आमच्या घरात एकादशी, चतुर्थी, काय चालतं, काय चालत नाही, हे तो ठरवतो. त्यानं डोळे मिटून विचार केला. चेष्टा करावी असा त्याचा स्वभाव नाही. "मनुका चालत्यात," तो म्हणाला. "मनुका चालत्यात तर रस बी चालाया पायजे. बिस्किटाला हात लावू नको."

असा निवाडा झाला. मी दारूबंदीवाली आहे हे मी विसरले नव्हते. पण पेल्यात तिनं घोटभरच ओतलं, ते पाहून मी मनात म्हटलं, खोकल्याच्या औषधाएवढं तर आहे. फॉर्म घ्यायचा आणि निघायचं.

आम्ही दुसऱ्याच्या घरच्या भांड्याला तोंड लावत नाही. पाणी असो, ताक असो, वरून धार धरून पितो. तसाच मी तो पेला डोक्याच्या वर धरला, तोंड उघडलं आणि ओतला. एका गटक्यात गेला.

"मावशी, हळू! आधी वास घ्यायचा," पोरगी म्हणाली.

"गेली की आता."

मग तिनं स्वतः करून दाखवलं. पेला गोल फिरवला, नाक आत घातलं, घोट तोंडात घेतला, चुळीसारखा खुळखुळवला आणि बादलीत थुंकली.

मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कितवा?"

"काय कितवा?"

"महिना. तिसरा आसंल. मळमळ तवाच आसती. आशा वासात उभं राहू नये पोरी, सासूला सांग तुझ्या."

तिचं लग्नच झालं नव्हतं. आप्पा एवढे हसले की त्यांनी आपला पेला त्या पांढऱ्या कापडावर सांडला. पोरगी म्हणाली, "मावशी, अहो, थुंकायचंच असतं. नाही तर चढते."

हे तिनं स्पष्ट सांगितलं होतं. तिचा दोष नाही. पण लोकांनी बोलावलं, बसायला दिलं, हातात पेला दिला, आणि त्यांच्याच तोंडासमोर ते बादलीत थुंकायचं, हे मला जमेना. आमच्यात पाहुण्यानं असं केलं तर ठरलेली सोयरीक मोडते. मी गिळली.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्याची. पोरगी बाटली घेऊन एका रांगेत ओतत जायची, त्यात त्याचाही पेला भरायची. प्रत्येक वेळी तो माळेला हात लावायचा, पेल्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "वाया जाईल गं." मला अन्न टाकवत नाही. पाच प्रकार होते. मी पाच माझे घेतले आणि पाच त्याचे.

पोरगी वास विचारायची. पहिल्या पांढरीला म्हणाली, "ह्यात काही जणांना लोण्याचा वास येतो."

"लोनी मी कालच कढवलंय. ह्यात न्हाई."

"मग कशाचा येतो?"

मी आता शिकल्यासारखं नाक आत घातलं. "धुतलेल्या पाटीचा." म्हणजे आम्ही ज्या पाटीवर लिहायचो ती. चौथीपर्यंत तोच वास घेतलाय, चुकणार नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं. गुलाबी वाईनला मी म्हणाले, "औषधाचा. लहान पोरांच्या." तेही लिहिलं. पहिल्या लालला आप्पांनी डोळे मिटले, मान हलवली आणि सांगितलं, "उत्तम." त्यांनी सगळ्यांनाच उत्तम म्हटलं होतं, सांडली त्यालासुद्धा. मी म्हणाले, "ओल्या घोंगडीचा. दोन दिवस पावसात भिजलेल्या." पोरीनं लिहिलं, आणि मग लिहिलेलं पुन्हा वाचून वही मिटली.

लाल आली तोवर माझा हात वर नीट राहत नव्हता. धार तोंडाच्या आसपास पडत होती. लुगड्याचं काय झालं ते मला दिसत होतं, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. आणि खरी गोष्ट ही आहे. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. गुडघे दुखत नव्हते. मुलगा आठवत होता, डॉक्टर आठवत होता, दोन वर्षं आठवत होती, पण सगळं दुसऱ्या कोणाच्या घरचं असल्यासारखं. मला फार बरं वाटत होतं. असं बरं मला लग्नानंतर वाटलं नव्हतं, आणि आधीही वाटल्याचं आठवत नाही.

पोरीनं फॉर्म दिला. घरी वाचा, आठवड्यात सही करून पाठवा म्हणाली. मी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि लवकर लग्न कर म्हणून सांगितलं.

येताना जीपमध्ये मी म्हाताऱ्याला सांगितलं, की त्याचा भजनातला आवाज चाळीस वर्षं मी सहन करत आले आहे. आप्पांना सांगितलं, की त्यांचा बांध दर वर्षी वीतभर आमच्यात सरकतो, आणि मला ते दिसतं. ड्रायव्हरला सांगितलं, की तो चांगला मुलगा आहे. मग शिरूरपर्यंत झोपले. घोडनदीच्या पुलावर जागी झाले तेव्हा डोकं फिरत होतं. गावात जीप नेहमीच्या थांब्यावर थांबली. थांबा दुकानासमोरच आहे. चारच वाजले होते, चांगला उजेड होता. मी उतरले, दोन पावलं टाकली आणि पायरीवर बसले.

"आक्का," दुकानदार म्हणाला, "आमची बाटली आडवी करणार हुता न्हवं? आधी तुम्ही सरळ व्हा."

पोरं हसली. बायकांतल्या काही हसल्या. माझ्या धाकट्या जावेनं फलक उलटा करून काखेत घातला. एकजण म्हणाली, "ह्यांच्या नादी लागून आम्ही नवऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या व्हय?" आप्पा जीपमधून उतरलेच नाहीत, पुढं निघून गेले. म्हातारा म्हणाला, "आवो, उपासाचं हाय ते," आणि त्यावर जे हसले नव्हते तेही हसले.

मुलगा दुकानातून बाहेर आला. तो स्वतः काही शुद्धीत नव्हता. पण पडलेलं माणूस कसं उचलायचं हे त्याला माहीत होतं. काखेत हात घातला, माझा भार कमरेवर घेतला, आणि एका झटक्यात उभी केली. वाटेत मला म्हणाला, "खाली बघू नको. लांब बघ. लांबच्या खांबाकडं बघत चाल." खांब बघत आम्ही दोघं घरी गेलो. त्यानं मला कुशीवर झोपवलं. "उतानी झोपू नको, उलटी आली तर घुसमाटशील." उशाला घमेलं ठेवलं. हे सगळं सून त्याच्यासाठी रोज करते, म्हणून त्याला पाठ.

सकाळी तो मीठ-लिंबाचं पाणी घेऊन आला. नऊ वाजायचे होते अजून.

"पहिला दिस आसाच जातो," तो म्हणाला.

मी विचारलं, "तुला रोज आसं बरं वाटतं का रं, काल मला वाटलं तसं?"

तो घमेलं उचलायला वाकला. "न्हाई. आता बरं काय वाटत न्हाई. न्हाई घेतली तर वंगाळ वाटतं."

मी तोवर घरोघर जाऊन एकच भाषण करत होते. दारू वाईट, दारू विष, काय मिळतं मेल्यांना त्यात. बायका माना डोलवायच्या आणि त्यांना ते पटायचं नाही. नवरा रोज उठून विष प्यायला कशाला जाईल, हे त्यांनाही कळत होतं. त्या मंगळवारी मी डोकं बांधून बाहेर पडले आणि भाषण बदललं.

पहिलं घर जावेचं. ती दारातच म्हणाली, "आता काय तोंड घिऊन आला?"

"हेच. दुसरं कुठून आणू? प्याले मी. धा पेले. पोटात काय न्हवतं, चढली."

"आन् वर सांगता दारू वंगाळ?"

"वंगाळ न्हाई. लई बरं वाटतं. तुला सांगते, गुडघं सुद्धा दुखत न्हवतं. त्यो कारखाना आपल्या थांब्यासमोर आसता तर मी आज पुन्ना गेले आस्ते."

"दुकान थांब्यासमोरच हाय की."

"म्हनूनच म्हनते, बंद करा."

जाऊ हसली. मग मात्र बस म्हणाली. तसं मी सगळ्या घरांत सांगितलं. बायकांनी खोदून खोदून विचारलं. कशी लागते, डोकं कसं होतं, पाय कुठं जातात. कोणी इतक्या वर्षांत त्यांना हे सांगितलं नव्हतं. एक म्हणाली, "म्हंजी आमचा मालक झोपंत हसतो त्यो त्याच्यानं व्हय!" चार दिवसांत फेरीला होत्या त्याहून जास्त बायका माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या.

पण शनिवारी त्यांनी मला धरलं. जावेनंच विषय काढला. "दुकानदार सांगत फिरतोय, म्हातारी गावाची दारू बंद करनार आन् सोता दारूला द्राक्षं घालनार. खरं का?"

"फॉर्म आनलाय."

"मग फाडा."

"का म्हनून? ती शेरातली लोकं पित्यात. आपल्या पोरांचा काय संबंध?"

"त्यास्नी आया न्हाईत व्हय?" मागून कोणीतरी म्हणालं.

जाऊ म्हणाली, "फाडा, मग आमी उद्या येतो. न्हाईतर आमाला घरी काम हाय."

मी बराच वेळ वाद घातला. भाव ठरलेला होता. दहा वर्षांचा करार होता. त्यांना पटेना. शेवटी मी उठले, फॉर्म आणला आणि चुलीत घातला. मन मोठं म्हणून नाही. त्यांच्याशिवाय निम्मी यादी होत नव्हती. त्या फॉर्मबद्दल माझा जीव अजून जळतो. आप्पांनी लावली ती द्राक्षं, आणि त्यांचा वरचा मजला त्याच्यावर उठला.

रविवारी शाळेत मतदान झालं. दुकानदारानं सकाळपासून बायकांना गावाबाहेर न्यायला दोन टेम्पो उभे केले होते, देवदर्शन फुकट म्हणून. दहाबारा बायका गेल्या. बाकीच्या रांगेत आल्या. नव्वदीच्या पुढची एक म्हातारी खाटेवर घालून आणली. तिला दिसत नव्हतं, तर तिनं मतदान घेणाऱ्या साहेबाला सांगितलं, "झोपलेली बाटली कुठली, तिच्यावर माझं बोट धर." नियमात बसत होतं की नाही कोण जाणे, साहेबानं धरलं. निम्म्यापेक्षा सात मतं जास्त पडली. महिनाभरात दुकानाला सील लागलं.

सील लागलं त्या दिवशी मुलगा नऊला गेला, दार बघितलं, आणि परत आला. सगळ्यात जवळचं दुकान आता न्हावऱ्याला. एसटी दिवसातून दोनदा, तीही वेळेवर नाही. चालत जायचं तर तासभर. तो दोन दिवस गेला चालत. तिसऱ्या दिवशी उन्हाकडं बघून खाटेवर बसला. आठ दिवस त्याचे हातपाय थरथरत होते, ओरडत होता, मला आणि सुनेला नको ते बोलला. शिरूरच्या डॉक्टरकडं दोनदा न्यावं लागलं. नंतर त्यानं पुन्हा चालायला सुरुवात केली नाही. लोक म्हणतात माझ्यामुळं सुटली. माझ्यामुळं नाही. तो जन्माचा आळशी आहे. लहानपणी विहिरीवरून पाणी आणायला सांगितलं तर तहानेला राहायचा.

त्या दुकानात रोज बसणारे सहा होते. ज्यांच्याकडं गाडी होती ते गाडीवरून न्हावऱ्याला जात राहिले, ज्यांच्या पायात जोर होता ते चालत. त्यांतले चार वारले. दोघं आहेत. एक पायानं अधू होता, आणि एक माझा धाकटा.